अंतर मिटले, कालहरणाचे काय?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे उपदेश म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तो उपदेश नव्हे, हिशेब आहे. ज्याच्या घरात कोणी एकदा दावा लढवला, त्याने जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, वकिलाची फी आणि हातची गेलेली वर्षे यांची बेरीज करून काढलेला तो निष्कर्ष आहे. हिशेब म्हणून तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या प्रजासत्ताकात शहाणी माणसे न्यायालयापासून दूर राहणे पसंत करतात, तेथे न्यायालयाचा उपयोग उरतो तो मुख्यतः दोघांना: ज्याला वेळ काढायचा आहे त्याला आणि ज्याला दुसरा मार्गच उरलेला नाही त्याला. कोल्हापूरच्या सर्किट बेंचचा विचार या म्हणीपासून सुरू केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दि. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी व नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ केलेल्या मागणीला त्या दिवशी फळ आले. शहरात आनंद झाला, तो रास्तच होता. परंतु लढा जिंकल्यानंतरचा काळ हा लढ्याचे मूळ प्रयोजन विसरण्याचाही काळ असतो. मागणी इमारतीची नव्हती, फलकाची नव्हती. ती सामान्य माणसाला परवडेल अशा न्यायाची होती. त्या दृष्टीने आपण कोठवर आलो आहोत आणि कोठे थांबून राहण्याचा धोका आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

न्यायाची उतरंड

आपली न्यायव्यवस्था संघराज्याची असूनही एकसंध आहे. अमेरिकेत संघराज्याची न्यायालये वेगळी आणि घटक राज्यांची वेगळी, अशी दुहेरी मांडणी आहे. आपल्या घटनाकारांनी ती स्वीकारली नाही. गडहिंग्लज किंवा चंदगड येथील कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश केंद्राचा कायदाही लागू करतो आणि राज्याचाही. त्याच्या निकालावर अपील जिल्हा न्यायालयात जाते. तेथून उच्च न्यायालयात दुसरे अपील जाऊ शकते. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार त्यासाठी कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित व्हावा लागतो. त्याच्याही वर घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी मागता येते.

या उतरंडीत उच्च न्यायालयाचे स्थान केवळ मधल्या पायरीचे नाही. अनुच्छेद २२६ खाली नागरिक शासनाच्या कृतीविरुद्ध थेट तेथे दाद मागू शकतो. अनुच्छेद २२७ ने आपल्या अधिकारक्षेत्रातील सर्व न्यायालयांवर व न्यायाधिकरणांवर देखरेख करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला दिला आहे, तर अनुच्छेद २३५ ने कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण, बदल्या, बढत्या व रजा यांसह, त्याच्याकडे सोपवले आहे. सारांश, उच्च न्यायालय हे अपिलांचे न्यायालय आहे, नागरिकाचे शासनाविरुद्धचे आश्रयस्थान आहे आणि तालुका न्यायालयांचे पालकही आहे. पुढील विवेचनात या तिसऱ्या भूमिकेचे महत्त्व अधिक आहे.

१४ ऑगस्ट १८६२ रोजी स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाचा विस्तार कसा झाला, तेही ध्यानात घेतले पाहिजे. नागपूरचे कायम पीठ १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्याबरोबर जन्मले. औरंगाबादचे आसन १९८१ साली सुरू झाले ते राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ च्या पोटकलम (३) खाली. या पोटकलमानुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने उच्च न्यायालयाच्या बैठकीसाठी अन्य स्थळ ठरवू शकतात. त्या निर्णयाला आव्हान दिले गेले आणि १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा हा अधिकार मान्य केला. त्यानंतर १९८४ साली पोटकलम (२) खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने औरंगाबादला कायम पीठ मिळाले. कोल्हापूरचा आरंभही पोटकलम (३) खालीच झाला आहे. औरंगाबादने जी वाट तीन वर्षांत पार केली, त्याच वाटेवर कोल्हापूरने पहिले पाऊल टाकले, असे म्हणता येईल.

अंतराचा कर

या बेंचमुळे साधले काय? अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर एक कर रद्द झाला. सिंधुदुर्गातील शेतकऱ्याला किंवा सांगोल्याच्या बडतर्फ शिक्षकाला उच्च न्यायालयात दाद मागायची म्हणजे मुंबई गाठावी लागे. कोल्हापूरचा माणूस रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघे, सकाळी फोर्टमध्ये वकिलाच्या कार्यालयाबाहेर बसे आणि प्रकरण त्या दिवशी बोर्डावर पुकारले गेले नाही की पुन्हा रात्रीची गाडी पकडून परते. यात जाणारे दोन दिवस, प्रवासखर्च आणि गावच्या वकिलाखेरीज मुंबईच्या दुसऱ्या वकिलाची फी, ही सारी न्यायावरची पट्टी होती. या पट्टीचा दर सर्वांना सारखा होता. म्हणूनच ती गरिबाला अधिक जड जात होती. कारखान्याला जी रक्कम किरकोळ, ती शेतमजुराच्या कुटुंबाची महिन्याची कमाई.

कोल्हापूरला हे तत्त्व नवे नाही. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याआधी, १९०१ सालापासून, त्यांनी खेड्यापाड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला होता. शिक्षणाचा हक्क नुसता जाहीर करून भागत नाही. हक्क आणि माणूस यांच्यामधील अंतराचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. न्यायाच्या बाबतीत हा खर्च उचलण्यास राज्याला त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला.

सर्किट बेंचला विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र हेटाळणीने बाजूला सारण्याजोगे नव्हते. पहिला असा की, उच्च न्यायालयाचे अनेक तुकडे केले तर न्यायमूर्ती, ग्रंथालय आणि अनुभवी वकीलवर्ग विखुरतो व निर्णयांचा दर्जा खालावतो. दुसरा असा की, दूरदृश्य प्रणालीने घरबसल्या युक्तिवाद करता येत असताना नवी इमारत कशाला? पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे; परंतु नागपूर व औरंगाबाद येथील वकीलवर्गाने जो लौकिक मिळवला, तो तेथे पीठ आल्यावरच मिळवला. वकिली हे कौशल्य न्यायालयाच्या सान्निध्यात वाढते. दुसऱ्या मुद्द्यात सोय आहे, पण ती प्रामुख्याने वकिलाची सोय आहे. ज्या वृद्ध विधवेचा सातबारा वादात आहे, तिला आपले कागद कोणाच्या तरी हाती द्यायचे असतात, त्याच्या तोंडाकडे पाहून प्रश्न विचारायचा असतो आणि आपले प्रकरण खरोखर पुकारले गेले काय हे डोळ्यांनी पाहायचे असते. पडदा विश्वासाची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा अंतराचा कर रद्द झाला हे उत्तमच झाले. परंतु पक्षकार जे करतो त्या खर्चातील हा लहान हिस्सा होता. मोठा हिस्सा मैलांत मोजला जात नाही. तो वर्षांत मोजला जातो.

कालहरणाचे व्याज

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते की आजचा रुपया आणि दहा वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो. हेच सूत्र निकालाला लावून पाहावे. समजा, एका माणसाला न्यायालयाने एक लाख रुपये देवविले, पण ते दहा वर्षांनी. ज्याच्याकडे शिल्लक आहे आणि ती बँकेत वार्षिक ८ टक्के चक्रवाढ दराने वाढते, त्याच्या दृष्टीने त्या एक लाखाची आजची किंमत सुमारे ४६,३०० रुपये भरते. आता ज्याला अडचणीत सावकाराकडून दरमहा शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४ टक्के दराने कर्ज काढावे लागते, त्याचा हिशेब मांडावा. त्याच एक लाखाची आजची किंमत त्याच्या दृष्टीने सुमारे ११,६०० रुपये होते. कायदा तोच, निकाल तोच, रक्कम तीच. पण एकाला जवळजवळ निम्मी मिळाली आणि दुसऱ्याला आठवा हिस्साही मिळाला नाही.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातील न्याय काल्पनिक नाही. विलंब हा सर्वांवर सारखा पडणारा पाऊस नाही. ज्याची गरज तातडीची त्याला तो अधिक भिजवतो. अनुच्छेद १४ ने कायद्यापुढील समानता दिली आहे, आणि न्यायालयाच्या दारात ती पाळलीही जाते. परंतु ती दिनदर्शिकेत हरवते. म्हणूनच गरीब पक्षकार तडजोडीला लवकर तयार होतो. त्या तडजोडीला आपण सामोपचार म्हणतो. पुष्कळदा ती वेळेपुढे पत्करलेली शरणागती असते.

उलट बाजूने पाहिले तर विलंब कोणाच्या पथ्यावर पडतो? ज्याच्या ताब्यात जमीन आहे, ज्याच्याकडे देणे थकले आहे, ज्याने कामावरून काढले आहे त्याच्या. आपल्या कायद्याने नकळत त्याला साहाय्यच केले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ नुसार हुकूमनाम्यानंतरच्या व्याजाला सर्वसाधारणपणे द.सा.द.शे. ६ टक्क्यांची मर्यादा आहे. व्यापारी व्यवहारांचा अपवाद सोडला तर त्यापलीकडे जाता येत नाही. म्हणजे हुकूमनामा झाल्यावरही जो दरखास्तीत अडथळे आणत राहतो, त्याला बाजारभावापेक्षा स्वस्त दराने कर्जच मिळते, आणि ते कर्ज देतो त्याचा गरजू प्रतिपक्षी. खोट्या व त्रासदायक दाव्याबद्दल द्यावयाच्या भरपाईला कलम ३५-अ ने तीन हजार रुपयांची मर्यादा घातली आहे. ज्या काळात ती ठरली त्या काळात तीन हजारांची जरब असेल. आज एका तारखेला मोटारीने जाऊन येण्याचा खर्च त्याच्या आसपास जातो. सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनहून अधिक मुदती देऊ नयेत, असे २००२ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने सांगितले. ती मर्यादा लवचिक मानली गेली आणि व्यवहारात 'तारीख पे तारीख' हा प्रघात कायम राहिला.

कालहरण हा कोणा एका न्यायाधीशाच्या वा वकिलाच्या आळसाचा परिणाम नाही, हे येथे स्पष्ट होईल. जेथे लांबणीवर टाकणे स्वस्त आणि निकाली काढणे महाग असते, तेथे शहाणी माणसे लांबणीवरच टाकणार. दोष नीतीपेक्षा किमतीत आहे.

शिक्षक आणि कारकून

या पानाच्या वाचकांत शिक्षक व कर्मचारी बहुसंख्य आहेत, म्हणून त्यांच्याच दोन उदाहरणांकडे पाहू. खाजगी शाळेतील शिक्षकाला संस्थेने बडतर्फ केले तर १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाच्या कलम ९ खाली त्याने तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे असते. हे अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा स्वतःच सांगतो. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका करता येते. कोल्हापुरात शाळा न्यायाधिकरण आहे आणि आता उच्च न्यायालयाची बेंचही आली. म्हणजे या शिक्षकाचे अंतर संपले. परंतु तीन महिन्यांचे तीन वर्षांत रूपांतर झाले आणि तोवर पगार बंद राहिला, तर मुंबई दूर होती की जवळ याने त्याच्या घरच्या चुलीला काय फरक पडला?

दुसरे उदाहरण शासकीय कार्यालयातील कारकुनाचे. त्याची बदली, ज्येष्ठता, बढती किंवा शिस्तभंगाची कारवाई यांविषयीची तक्रार प्रथम उच्च न्यायालयात जात नाही. ती १९९१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे 'मॅट'कडे, न्यावी लागते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा न्यायाधिकरणांचे निर्णय उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे तपासता येतील असे ठरवले, पण पहिली पायरी 'मॅट'चीच राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरची बेंच सुरू झाली तेव्हा 'मॅट'ची आसने मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथे होती. तेव्हा बेंचच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत जो शासकीय कारकून उभा होता, त्याला स्वतःच्या दाव्याच्या पहिल्या पायरीसाठी मात्र महालक्ष्मीचेच तिकीट काढणे भाग होते. बेंचच्या मागणीएवढ्याच जोमाने 'मॅट'च्या कोल्हापूर आसनाची मागणी होणे हे त्या लढ्याचे तर्कसंगत उत्तरकार्य ठरते.

खरे रणांगण तालुक्याचे

२०१८-१९ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने न्यायालयीन विलंबावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्याला कौटिल्याच्या परंपरेतील 'मत्स्यन्याय' हा शब्द वापरला: मोठा मासा लहान माशाला गिळतो ती अवस्था. त्या पाहणीनुसार प्रलंबित प्रकरणांपैकी ८७.५ टक्के जिल्हा व तालुका न्यायालयांत होती. या न्यायालयांत २,२७९ न्यायाधीशांची भर घातली तर दरवर्षी जेवढी प्रकरणे येतात तेवढी निकाली निघू लागतील, असा तिचा अंदाज होता. देशाच्या पसाऱ्याच्या मानाने ही संख्या किती लहान! तरीही त्यानंतर साठा घटला नाही. २०२५ साली कनिष्ठ न्यायालयांतील प्रलंबित प्रकरणे चार कोटींच्या बरीच पुढे गेली होती. विधी आयोगाने तर १९८७ सालीच दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत असे सुचवले होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच उद्दिष्ट पाच वर्षांत गाठण्यास सांगितले. आज, शिफारशीला साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही, आपण त्याच्या निम्म्याच्याही खाली आहोत.

सामान्य माणसाला आयुष्यात उच्च न्यायालयाची पायरी क्वचितच चढावी लागते. त्याचा बांध, त्याचे भाडे, त्याचा धनादेश, त्याच्या मुलीची पोटगी हे सारे तालुक्याच्या न्यायालयात ठरते किंवा अडते. सर्किट बेंचचे मोल त्याला कळेल ते तेथे. ज्या न्यायालयाकडे देखरेखीचा अधिकार आहे त्याचे न्यायमूर्ती आता येथून शंभर पावलांवर बसतात. कनिष्ठ न्यायालयाचा कोणता टप्पा तुंबतो, मोजणीचा अहवाल वर्षानुवर्षे का येत नाही, दरखास्तीचे काम का रेंगाळते, हे त्यांना रोजच्या प्रकरणांतून दिसेल. पाहणारे डोळे जवळ आले, तर पाहिले जाण्याची शक्यता वाढते.

म्हणून आपल्या मागण्यांचा क्रम आता बदलला पाहिजे. बेंचला पोटकलम (२) खाली कायमस्वरूप लाभावे हे योग्यच. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. कनिष्ठ न्यायालयांतील पद रिक्त होण्याआधीच भरतीची प्रक्रिया पूर्ण व्हावी. अकारण मुदत मागणाऱ्याने प्रतिपक्षाचा त्या दिवसाचा प्रत्यक्ष खर्च द्यावा. हुकूमनाम्यावरील व्याज बाजारभावाशी जोडले जावे, म्हणजे लांबणीवर टाकणे स्वस्त राहणार नाही. शासन हा देशातील सर्वांत मोठा पक्षकार मानला जातो. हरलेल्या प्रत्येक प्रकरणात यांत्रिकपणे अपील करण्याची त्याची सवय मोडावी. यांतील एकाही सुधारणेसाठी नवी इमारत लागत नाही.

नागरिकांच्या बाजूनेही एक कर्तव्य उरते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार व कोठडीतील माणसे यांना मोफत कायदेविषयक साहाय्याचा हक्क आहे. ही गोष्ट ज्यांना ठाऊक असावी त्यांनाच ती बहुधा ठाऊक नसते. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात आणि प्रत्येक कारकुनाने आपल्या खिडकीशी येणाऱ्या माणसाला एवढे सांगितले, तरी पुष्कळ काम होईल.

कोल्हापूरच्या बेंचचे यश पहिल्या वर्षी किती याचिका दाखल झाल्या यावरून ठरणार नाही. याचिकांची संख्या ही मागणीची नोंद आहे, पुरवठ्याची नव्हे. सहा जिल्ह्यांतील कुठल्याही तालुक्यात दाखल झालेला दावा शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन किती वर्षांत संपतो आणि हुकूमनामा हाती आल्यावर प्रत्यक्ष ताबा किती महिन्यांत मिळतो, हे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत. ते आकडे जर घटत गेले, तर आरंभी उल्लेखिलेली म्हण आपोआप जुनी होईल. शहाण्या माणसानेही अन्याय झाला तर कोर्टाची पायरी चढावी, आणि चढल्याबद्दल त्याला वेड्यात काढले जाऊ नये, एवढीच या चाळीस वर्षांच्या लढ्याची मूळ मागणी होती. ती अद्याप पुरी व्हायची आहे.